पोलादापेक्षा मजबूत, असं म्हणू नका

काँक्रीटमध्ये पोलादी सळईऐवजी घालायच्या काचतंतूंच्या (फायबरग्लासच्या) सळईची जाहिरात कुठलीही उघडा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: पोलादापेक्षा दुप्पट मजबूत आणि वजनाला पावपट. आकडे खोटे नाहीत. बांधकामातली नेहमीची सळई ५०० मेगापास्कलच्या (हे ताण मोजायचं एकक) आसपास ओढली की कायमची लांबायला लागते; काचतंतूंची चांगल्या प्रतीची सळई ८०० ते १००० मेगापास्कलपर्यंत ताण घेते. पोलादाची घनता पाण्याच्या ७.८५ पट, हिची दोनपटीच्या थोडी वर. तरीही या एका वाक्यानं या पदार्थाचं जेवढं नुकसान केलं, तेवढं त्याच्या विरोधकांनाही जमलं नसेल. कारण ते ऐकून माणूस एवढंच समजतो, की पोलादाची सळई काढायची आणि तेवढ्याच जाडीची ही ठेवायची. मग स्लॅब झोल खातो, तडे रुंदावतात आणि फसलेला माणूस दहा जणांना सांगत सुटतो, की फायबर म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच.

या पदार्थाचा खरा गुण मजबुती नव्हे, न गंजणं हा आहे. पाणी, मीठ, आम्ल किंवा वीज जिथे बांधकामाच्या मुळावर उठते, तिथे त्याचा विचारही न करणं म्हणजे सार्वजनिक पैशाची नासाडी आहे. आणि जिथे यातलं काहीच नाही, तिथे केवळ नवं आहे म्हणून तो घुसवणं ही दुसऱ्या टोकाची चूक.

आधी काचेबद्दल थोडं. काच आणि मजबुती हे शब्द एकत्र ऐकले की हसू येतं, ते स्वाभाविक आहे. हातातून पडली की फुटते ती काच. पण काच मुळात दुबळी असते म्हणून फुटत नाही. तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे बारीक चिरे असतात आणि ताण आला की सगळा जोर त्या चिऱ्यांच्या टोकाशी गोळा होतो. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्यानं १९२१ साली छापलेल्या निबंधात हे मांडलं. त्यानं काचेचे तंतू ओढून पाहिले, तर तंतू जितका बारीक तितकी त्याची ताकद जास्त, असं दिसलं. बारीक तंतूत मोठ्या चिऱ्याला जागाच उरत नाही. आज वितळलेली काच प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या सूक्ष्म छिद्रांतून ओढतात. तंतूची जाडी साधारण १० ते २० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या कितीतरी खाली. असे हजारो तंतू रेझिनमध्ये, म्हणजे आधी पातळ आणि मग कडक होणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये, भिजवून घट्ट केले की एखादा तुटला तरी त्याचा भार रेझिनमधून शेजारच्यांकडे जातो आणि चिरा तिथल्या तिथे अडतो. जुडीतल्या काड्यांचंच हे गणित, फक्त इथे काड्यांना धरून ठेवायला दोरीऐवजी रेझिन असतं.

आता गंज. काँक्रीटमधलं पोलाद मुळात सुरक्षित असतं, कारण ताजं काँक्रीट चांगलंच अल्कलीयुक्त असतं आणि त्या वातावरणात सळईवर एक पातळ संरक्षक थर बसतो. पण काँक्रीट म्हणजे दगड नव्हे. त्यातून हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत झिरपतो, किनाऱ्यावर मीठ झिरपतं, थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकलेलं मीठही झिरपतं. थर गेला की गंज सुरू होतो. गंजाचं खरं दुखणं सळई बारीक होते हे नाही, ते पुढचं. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा मागतो. ही जागा मिळवण्यासाठी तो आतून काँक्रीटला ढकलतो, सळईवरचं काँक्रीटचं कव्हर फुगतं, पोपडे पडतात, आणि मग पाण्याला आत जायला सरळ वाटच मिळते. वरून प्लास्टर मारून रंग दिलेल्या कॉलममध्ये हे सगळं निवांत चालू असतं.

गंजविषयक काम करणाऱ्या नेस या अमेरिकी संस्थेनं २०१६ साली जगाचा हिशेब मांडला होता. गंजापायी होणारा खर्च वर्षाला २.५ लाख कोटी डॉलर, जगाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे ३.४ टक्के. यात नुसते पूल नाहीत. कारखाने, पाइपलाइन, जहाजं, गाड्या सगळं आलं. त्याच अहवालात असंही म्हटलं होतं, की आज ठाऊक असलेले उपाय नीट वापरले तर यातला १५ ते ३५ टक्के खर्च वाचू शकतो. नवा शोध लागायची वाट पाहायची गरज नाही. मग वाचत का नाही?

कारण ज्याच्या खिशातून बांधकामाचे पैसे जातात आणि ज्याच्या खिशातून दुरुस्तीचे जातात, ती बहुतेक वेळा दोन वेगळी माणसं असतात. टेंडर उघडतं तेव्हा समोर एकच रकाना असतो, आजची किंमत. पोलाद तिथे जवळजवळ नेहमीच जिंकतं. पंचवीस वर्षांनी जेटीचे कॉलम फुटतात, तेव्हा निर्णय घेणारा अधिकारी निवृत्त झालेला असतो, ठेकेदाराची हमी संपलेली असते आणि दुरुस्तीचा खर्च 'देखभाल' या वेगळ्याच नावाखाली येतो. पहिल्या दिवशी स्वस्त पडलेली सळई प्रत्यक्षात उधारीवर घेतलेली होती, हे कोणाच्याच वहीत दिसत नाही. काचतंतूंच्या बाजूनं माझा सगळ्यात मोठा मुद्दा हा आहे, आणि तो रसायनशास्त्राचा नाही, हिशेबाचा आहे.

हा पदार्थ एवढा न गंजणारा, मग काँक्रीटमध्ये तो खरोखर टिकतो का? शंका रास्त आहे, आणि ती पुरवठादारांनी झटकून टाकावी अशी नाही. गंमत अशी, की पोलादाला जपणारी तीच अल्कली काचेला खाते. साध्या काचेचे तंतू सिमेंटमध्ये थेट मिसळून पाहिले तेव्हा ते काळानुसार झिजत गेले. त्यावर ब्रिटनमधल्या बिल्डिंग रिसर्च संस्थेत ए. जे. मजुमदार यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात काम केलं आणि झिर्कोनिया घातलेली, अल्कली सोसणारी काच पुढे आली. आज इमारतींच्या दर्शनी भागाला लागणारे पातळ, वळणदार सिमेंटचे तक्ते त्याच काचेवर उभे आहेत. सळईत मात्र तंतूंचा पहारेकरी असतो रेझिन. म्हणून कुठलं रेझिन, हा प्रश्न इथे कुठली काच या प्रश्नाइतकाच मोठा आहे. स्वस्त पॉलिएस्टर अल्कलीत टिकत नाही. व्हिनाइल एस्टर टिकतं. बाजारात दोन्ही सळया जवळपास सारख्याच दिसतात, आणि हे मला कुठल्याही तांत्रिक त्रुटीपेक्षा जास्त घाबरवतं. पोलादाची सळई वाकवून पाहिली तर जाणत्या माणसाला काहीतरी कळतं. ही हातात घेऊन काहीच कळत नाही. कागद लागतो, चाचणी लागते.

प्रयोगशाळेत गरम अल्कलीच्या द्रावणात बुडवलेल्या सळयांची ताकद बरीच घटलेली दिसते, आणि विरोधक तोच आलेख पुढे करतात. पण कॅनडात वेगवेगळ्या ठिकाणच्या पाच प्रत्यक्ष बांधकामांतून, ५ ते ८ वर्षं वापर झाल्यावर, काँक्रीटचे नमुने कापून आतली काचतंतूंची सळई सूक्ष्मदर्शकाखाली तपासली गेली. त्यांत अल्कलीमुळे झीज झाल्याची खूण सापडली नाही. खरं काँक्रीट म्हणजे ६० अंशांचं वाफाळतं द्रावण नव्हे. ते वाळतं, थंड असतं, त्यात पाणी मोकळं फिरत नाही. आठ वर्षं म्हणजे शंभर वर्षं नव्हेत, हे मान्य. पण आठ वर्षांत खारवलेल्या काँक्रीटमधल्या पोलादाचं काय होतं, तेही शेजारी मांडून बघावं. कॅनडातल्या काही प्रांतांत पुलांच्या डेकमध्ये (ज्यावरून रहदारी जाते त्या तक्त्यात) आणि कठड्यांत या सळया आज नित्याच्या झाल्या आहेत. त्या हौसेपोटी आल्या नाहीत, हिवाळ्यातल्या मिठानं आणल्या.

आता ज्या गोष्टी विक्रेता सांगत नाही त्या. पहिली, लवचिकता. पोलादाचा कडकपणा, म्हणजे ताणाला न लांबण्याचा गुण, २०० गिगापास्कल. काचतंतूंच्या सळईचा ४५ ते ६०. तुटायला ती अवघड, पण लांबायला चौपट सोपी. म्हणून काचतंतूंच्या स्लॅबचं डिझाइन सहसा ताकदीवर अडत नाही. झोल किती आणि तडा किती रुंद, यावर अडतं, आणि त्यासाठी सळया वाढवाव्या लागतात. 'दुप्पट मजबूत म्हणून निम्म्या सळया' हा हिशेब करणारा माणूस एक तर अडाणी असतो किंवा विक्रेता. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पोलाद मोडण्याआधी लांबतं, वाकतं, तडे दाखवतं, माणसांना बाहेर पडायला वेळ देतं. काचतंतू शेवटच्या क्षणापर्यंत सरळ रेषेत ताणले जातात आणि मग एकदम तुटतात. शिवाय कायमचा भार बराच मोठा असेल तर ते वर्षानुवर्षांनी नुसत्या त्या भारानंही तुटू शकतात. काँक्रीट बांधकामाचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एसीआय या संस्थेनं २०१५च्या मार्गदर्शिकेत कायमचा ताण सळईच्या क्षमतेच्या २० टक्क्यांवर रोखला होता. २०२२च्या संहितेत ती मर्यादा ३० टक्के झाली. म्हणजे जाहिरातीतल्या हजार मेगापास्कलपैकी रोजच्या कायमच्या भारासाठी तीनशेच्या आत राहायचं. ही बंधनं पदार्थाची बदनामी नाही. तो नीट ओळखल्याची खूण आहे. भूकंपात हादरा पचवायची जबाबदारी ज्या चौकटीवर आहे, तिथे मला तरी आज पोलादच हवं.

साइटवरच्या अडचणी वेगळ्याच. फिटरला सवय असते की सळई आणायची आणि जागेवर वाकवायची. ही वाकत नाही. रेझिन एकदा घट्ट झालं की झालं. रिंगा आणि कोन कारखान्यातच वळवून आणावे लागतात, आणि वळणाशी ताकद साधारण निम्म्यावर येते. वेल्डिंग नाही. आणि काँक्रीट ओतून व्हायब्रेटर लावला की ही जाळी वर तरंगायला बघते, कारण ती काँक्रीटपेक्षा हलकी. तिला खाली बांधून ठेवावं लागतं. पोलादाच्या जाळीबद्दल असा विचार कोणाच्या स्वप्नातही येत नाही. कारागिरांना चार दिवस शिकवल्याशिवाय हे काम देऊ नये, एवढं मी ठामपणे म्हणेन.

पण अवगुण नीट ओळखले की त्यांचाही उपयोग होतो, आणि मला या पदार्थात सगळ्यात जास्त रस इथेच वाटतो. काचतंतूंची सळई लांबीच्या दिशेनं भक्कम, आडवी कापायला सोपी. भुयार खणणारं यंत्र स्टेशनच्या खड्ड्याची काँक्रीटची भिंत फोडून पुढे जातं तेव्हा भिंतीत पोलाद असलं तर यंत्राचे दात अडकतात, सळया गुंडाळल्या जातात. आधी माणसं पाठवून भिंत हातानं फोडावी लागते. म्हणून नेमक्या तेवढ्या गोल भागात काचतंतूंच्या सळया घालतात. भिंत मातीचा दाब झेलते आणि यंत्र आलं की भुसा होऊन जाते. जगभरच्या मेट्रोंच्या कामांत ही पद्धत आता रुळली आहे. तसंच विजेचं. या पदार्थातून वीज वाहत नाही आणि चुंबक त्याला ओढत नाही. एमआरआयची खोली, उपकेंद्रातले पाये, रेल्वेच्या रुळांमधले विद्युतरोधक सांधे, विजेच्या कामाच्या शिड्या, सगळीकडे हा गुण मजबुतीहून मोलाचा. ब्रिटिश नौदलानं १९७०च्या दशकात एचएमएस विल्टन ही सुरुंग शोधणारी नौका काचतंतूंच्या अंगाची बांधली, ती याच कारणानं: चुंबकीय सुरुंगाला तिचा सुगावा लागू नये. आणि दूर कशाला, हा लेख ज्या फोनवर वाचला जातोय त्यातला हिरवा सर्किट बोर्डही काचेचं कापड आणि इपॉक्सी यांचाच आहे.

उद्योगांत हा वाद केव्हाच मिटलेला आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. आम्लाच्या टाक्या, क्लोरिनचे कारखाने, कूलिंग टॉवर, समुद्रातल्या तेलमंचांवरच्या जाळ्या, पवनचक्क्यांची पाती इथे काचतंतूंना कोणी प्रश्न विचारत नाही. तिथे टाकी फुटली तर नुकसान मालकाचंच होतं. बांधणारा आणि भोगणारा एकच असतो. मला वाटतं, उद्योग आणि सार्वजनिक बांधकाम यांतला फरक तंत्रज्ञानाचा नाही, हाच आहे. गटाराचे पाइप घ्या. सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, पाइपाच्या छतावरचे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते काँक्रीट खात जातं. कारखान्याच्या आवारात असं आम्ल वाहत असतं तर कोणी काँक्रीटचा पाइप टाकलाच नसता. शहराखाली मात्र टाकतात, आणि रस्ता खचला की पावसाला दोष देतात. काचतंतूंच्या पाइपाचीही अट आहे: तो लवचीक असतो, त्याच्या बाजूची माती नीट ठोकून बसवली नाही तर तो चेपतो. खड्डा खणून पाइप टाकून वर माती लोटणाऱ्याच्या हातात तो देऊ नये.

अख्खा पूलच या पदार्थाचा करावा का? स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरफेल्डी इथे गोल्फच्या मैदानाशेजारी टे नदीवर १९९२ साली असा पादचारी पूल उभा राहिला. मधला गाळा ६३ मीटरचा. डेक आणि मनोरे काचतंतूंचे, केबल अरामिड (केव्हलारच्या जातीच्या) तंतूंच्या. भाग इतके हलके, की जड क्रेनशिवाय विद्यार्थ्यांनीही जोडकामाला हात लावला. पूल आजही दाखल्यासाठी सांगितला जातो. पण तो चालताना जाणवण्याइतका हलतो, आणि ठरल्यापेक्षा जड वाहन गेल्यावर डेकला पुढे बळकटी द्यावी लागली. हलकेपणाचं बक्षीस आणि दंड, दोन्ही एकाच पुलावर पाहायला मिळतात.

आगीचा प्रश्न मात्र सारवासारव करून सुटणारा नाही. पोलादाची ताकद निम्म्यावर यायला साडेपाचशे अंशांच्या वर जावं लागतं. रेझिन १०० ते १२० अंशांनाच मऊ पडू लागतं आणि सळई व काँक्रीट यांची पकड सैल होते. उघड्या तक्त्यांत तर रेझिन पेट घेतं आणि काळा धूर करतं. फिनॉलिक रेझिन कमी पेटतं, पण ते महाग आणि काम करायला कटकटीचं. म्हणून माणसं झोपतात त्या मजल्यांखाली, बंद जिन्यात, इमारतीच्या बाहेरच्या आवरणात आगीच्या चाचणीचा कागद पाहिल्याशिवाय हा पदार्थ लावूच नये. जेटी, कठडे, पाणी साठवायच्या टाक्या, पायाखालचे स्लॅब इथे आग हा मुख्य धोका नसतो. तिथून सुरुवात करायला काय हरकत आहे?

कामगारांबद्दल अशा लेखांत सहसा कोणी बोलत नाही. काचतंतू म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस नव्हे. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेनं २००२ साली अखंड काचतंतूंना कर्करोगकारक ठरवलं नाही, पुरावा अपुरा म्हणून वर्गीकरणाबाहेर ठेवलं. कापताना खाज सुटते, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. मास्क आणि पाण्याचा फवारा हवाच. जास्त चिंता रेझिनमधल्या स्टायरीनची आहे. त्याच संस्थेनं २०१८ साली स्टायरीनला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. उघड्या साच्यावर ब्रशनं रेझिन फासणारा, बंद शेडमध्ये तो गोडसर वास दिवसभर घेणारा माणूस ही या उद्योगाची जुनी लाज आहे. बंद साच्यातली हवा काढून, त्या निर्वातानं रेझिन आत खेचून काम करायची पद्धत उपलब्ध आहे. सार्वजनिक पैशानं घेतलेला माल त्याच पद्धतीनं बनलेला असावा, ही अट टाकायला कोणाची परवानगी लागत नाही.

उरला शेवट. पोलाद वितळवून पुन्हा पोलाद होतं. काचतंतू आणि रेझिन यांचं हे संमिश्र तसं वितळवून पुन्हा वापरता येत नाही. पवनचक्क्यांची पाती जमिनीत पुरल्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली आहेत. आज चालणारा मार्ग म्हणजे तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत घालणं: रेझिन इंधन म्हणून जळतं आणि काचेतली सिलिका, चुना, अ‍ॅल्युमिना सिमेंटच्या कच्च्या मालात मिसळून जातात. सौम्य आम्लात सुटणारी रेझिनं पात्यांसाठी २०२१ पासून बाजारात आली आहेत. दोन्ही गोष्टी चांगल्या, पण दोन्हींसाठी कोणीतरी माल उचलून तिथपर्यंत न्यावा लागतो, आणि तो कोणी न्यायचा हे आज बहुतेक करारांत नसतं.

१९५७ साली अमेरिकेत डिस्नेलँडमध्ये मोन्सँटो कंपनीनं 'भविष्यातलं घर' म्हणून काचतंतूंचं एक पांढरं घर मांडलं होतं. दहा वर्षांनी ते पाडायचं ठरलं. काम एका दिवसाचं धरलं होतं. लोखंडी गोळा भिंतीवर आदळून नुसताच परत उसळत राहिला, असं सांगतात; शेवटी तुकडे करून करून ते हलवायला दोन आठवडे लागले. घर बांधताना त्याचा हिशेब कोणी केला नव्हता. आता खारवलेल्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक बांधकामाच्या टेंडरात तीन रकाने हवेत: आजची किंमत, पन्नास वर्षांची दुरुस्ती आणि पाडल्यावर माल उचलणाऱ्याचं नाव. पोलादाला दुसरा रकाना जड जाईल, काचतंतूंना तिसरा.